बिनमानधनाची बाई

“जिथं सेवा करशील तिथलं तोंडात काही घालू नको. पाणीसुद्धा नको. घेतलंस की सेवा सरली, मजुरी झाली.”

पार्बताआत्या हे सांगायची तेव्हा तिच्या हातात खराटा असायचा. कोणत्या तरी जुन्या नवसापोटी ती देवळामागचं अंगण झाडायची. उन्हानं जीव घाबरा झाला तरी तिथल्या नळाला तोंड लावायची नाही, घरी येऊन माठातलं पाणी प्यायची. आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिचं सांगणं मात्र माझ्यात तसंच राहिलं, लहानपणी शिकवलेली आरती राहते तसं.

माझी मुलगी रागिणी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्या मेंदूत ताप चढला. डॉक्टर म्हणाले, आता वाट पाहायची. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. तिथूनच अंबामायला बोलले, की माझी पोर उठून बसली तर वर्षभर अंगानं लोकांची सेवा करीन, बदल्यात काही घेणार नाही. पोर उठून बसली. डाव्या कानानं ऐकायला जरा कमी येतं, बाकी सारं ठीक आहे.

माझे रोजचे नेम आहेत. आंघोळ झाल्यावर पोथीचा अध्याय वाचून होईपर्यंत मी बोलत नाही. गुरुवारी मीठ खात नाही. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावल्याशिवाय जेवत नाही. त्यात मोठं काही नाही, आमच्याकडे बायका करतात. पण नवस म्हणजे नेम नव्हे. नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी धरता येतो. नवस पोरीच्या जिवावर बोललेला असतो.

आधी देवळातच सेवा मागायला गेले. तिथं सेवेकऱ्यांचीच रांग लागलेली. रागिणी म्हणाली, “आई, देवीला झाडणाऱ्यांची काय कमी आहे? माणसांत जा. पेपरात रोज येतं, स्वयंसेवक पाहिजेत म्हणून.”

ते खरं होतं. त्या वर्षांत आमच्या अमरावतीत संस्थांना काही तोटा नव्हता. खेड्यांतून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या यायच्या आणि मागोमाग पुण्या-मुंबईच्या, दिल्लीच्या गाड्या यायच्या. आमचं फुलांचं दुकान देवळाच्या वाटेवर आहे. गाडीतून उतरलेली माणसं आमच्याकडून हार घ्यायची, देवीला वाहायची, आणि गाव कुठल्या बाजूला आहे ते यांनाच विचारायची. हे म्हणजे रागिणीचे बाबा. ते म्हणायचे, “कोनतं गाव म्हून विचारलं तं सायबाले तेच माहीत नाही. कोनतं बी दाखवा म्हन्ते.”

पहिल्यांदा मी एका वृद्धाश्रमात गेले. तिथल्या व्यवस्थापकानं मला वरून खालून पाहिलं आणि साखर, तेल, चादरी असं काय काय लागतं ते सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, मला वस्तू नाही, वेळ द्यायचा आहे.

“वेळ?” तो म्हणाला. “वेळ इथं सगळ्यांपाशीच हाय, बाई. हे म्हातारे दुसरं काय करून राहिले?”

दुसऱ्या ठिकाणी काचेच्या दाराआड एक मुलगी होती. तिनं माझा ईमेल विचारला. मी घरचा पत्ता देते म्हटलं. ती फार गोड हसली आणि म्हणाली, “पत्त्यावर आम्ही काही पाठवत नाही, आंटी.” मी जिना उतरून खाली आले. सेवा घ्या म्हणून दारोदार फिरायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. नवस बोलून पावसाळा उलटला होता. रात्री रागिणीला साधी शिंक आली तरी मी उठून तिच्या कपाळाला हात लावायचे.

तिसरी संस्था अंकुरवाट. तिचं मुख्य कार्यालय अकोल्याला, जठारपेठेत एका बंगल्यात होतं आणि नांदगाव खंडेश्वरकडच्या गावांत तिचं काम चालायचं. ज्या घरांत बाईच्या एकटीवर शेत आणि लेकरं येऊन पडली होती तिथं दर आठवड्याला जायचं, तिचे कागद मार्गी लावायचे, पोरं शाळेत जातात का पाहायचं, आणि नुसतं बसायचं. नुसतं बसायचं हे पेपरातल्या जाहिरातीत वाचून मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

अर्ज घ्यायला शाकीब नावाचा तरुण होता. परतवाड्याचा. मराठी, हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात बोलायचा. अर्जात एक प्रश्न होता, आपणास हे काम का करावयाचे आहे. मी लिहिलं, नवस फेडायचा आहे.

त्यानं ते वाचून कपाळाला हात लावला. “काकू, हे नका लिहू. वरचे लोक हसतीन.”

“मग काय लिहू?”

“समाजाचं ऋण फेडण्यासाठी. सगळे तेच लिहिते.”

“मी समाजाला काही बोलले नव्हते, बाबू. देवीला बोलले.”

“देवीले तं माहीतच हाय ना. फॉर्म तिच्यासाठी नाही.”

मी हसले आणि त्यानं सांगितलं तसं लिहिलं. पुढं मानधनाचा रकाना होता. मी तिथं रेघ मारली. प्रवासखर्चावरही रेघ मारली. शाकीब पेन हातात धरून थांबला.

“काकू, थोडं तरी घ्या.”

“नाही चालत.”

“नाममात्र घ्या. घेऊन देऊन टाका कोनाले.”

“घेतलं की संपलं,” मी म्हटलं. आत्याचं सांगणं त्याला कसं समजावणार.

त्यानं दाराकडे पाहिलं, काही तरी बोलावंसं वाटलं त्याला, पण आतून घंटी वाजली आणि तो अर्ज घेऊन गेला. लगेच खुशालराव सर स्वतः बाहेर आले. संस्था त्यांचीच. पूर्वी कॉलेजात शिकवायचे. अंगात खादीचा झब्बा आणि आवाज इतका मऊ की पुढं वाकून ऐकावं लागायचं. त्यांनी मला हात जोडले. “ताई, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.” मलाही बरं वाटलं. का खोटं बोलू. एवढं फिरल्यावर कोणी तरी मला घेत होतं.

गावात माझ्याबरोबर सत्यवती होती. ती तिथलीच. संस्थेनं गावोगावी अशा बायका नेमल्या होत्या आणि त्यांना गावसखी म्हणायचे. सत्यवतीचा नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. दोन पोरी, घरामागं जरासं कोरडवाहू. वेचणीच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या कापसात जायची आणि बाकीचं वर्ष संस्थेच्या मानधनावर काढायची. उंच, हडकुळी, चालताना पदर खोचलेला, तोंडानं सतत काही तरी चालू.

“काकू वो, तुमचा देव लय कडक हाय. पानी बी पिऊ देत नाही. माहा बरा, मले काहीच देत नाही अन् मांगत बी नाही.”

“असं बोलू नये ग.”

“बोलली तं काय करीन? आनखी काय नेईन?”

तिच्या बोलण्याला धार असायची, पण घराच्या उंबऱ्याशी आली की ती वेगळीच व्हायची. आत जाऊन सरळ चुलीपाशी बसायची. कोणाच्या घरी पीठ मळू लागायची, कोणाच्या पोरीची वेणी घालू लागायची, आणि त्या हातचालीत त्या घरची बाई आपोआप बोलायला लागायची. मी बाजूला खाटेच्या कडेला बसायचे. ऐकायचे. कोणी रडलं तर पाठीवर हात ठेवायचे. तेवढंच मला येत होतं.

एकदा आम्ही अफसानाच्या घरी गेलो. तिचा नवरा पावसाळ्यात वीज पडून गेला होता. सासू आणि तीन लेकरं घेऊन ती दिराकडं नवऱ्याच्या वाट्याचं शेत मागत होती. आम्ही बसलो तशी तिनं चहा टाकला. घरात दूध नव्हतं, शेजारून मागून आणलं. कपबशा फडक्यानं पुसून माझ्यासमोर ठेवल्या. मी हात जोडून नको म्हटलं.

अफसानाचं तोंड उतरलं. तिनं बशी नुसती मागं ओढून घेतली, जशी काही आपलीच चूक झाली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं आणि माझे कान तापले. नवसाचं सांगायला तोंड उघडलं, पण ते कसं सांगितलं तरी सबब वाटली असती.

सत्यवतीनं माझ्यापुढचा कप उचलला. “अवं, हे काकू माह्या घरी बी पेत नाही. हिंदू, मुसलमान, मराठा, माळी, कोनाच्याच घरचं नाही. मोठा उपास हाय तिचा. दे इकडं, मी दोन पेते. मले कोनता उपास? पोट तं रोजच उपाशी.”

अफसाना हसली. सत्यवती दोन्ही कप प्यायली, घसा भाजला तरी प्यायली, आणि वर म्हणाली, “साखर जास्त झाली.” परतताना मी तिला म्हटलं, तू सांभाळून घेतलंस. ती म्हणाली, “काकू, तुमचा नवस तुमच्यापाशी ठेवा. पन दुसऱ्याच्या चुलीपुढं तो लय महाग पडते.” ते मला लागलं. पण मी नेम सोडला नाही. डोळ्यांपुढं रागिणी यायची, नाकात नळी घातलेली.

असे दहा-अकरा महिने गेले. मग अकोल्याला संस्थेचा मेळावा झाला. सगळ्या तालुक्यांतल्या गावसख्या बसनं आल्या होत्या, नवी लुगडी नेसून. मला स्टेजवर बोलावलं. खुशालराव सरांनी शाल आणि नारळ दिला, फोटोवाल्यांनी फोटो काढले. मग ते त्यांच्या मऊ आवाजात माइकवर बोलले. आज माइक होता म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“या सुंदराताई. पदरच्या खर्चानं येतात, एक पैसा घेत नाहीत, गावातलं पाणीसुद्धा पीत नाहीत. सेवेला किंमत लावू नये हे आपण पुस्तकात वाचलं, यांनी जगून दाखवलं. आपणही यांच्यापासून शिकू या. संस्थेनं ठरवलं आहे की येत्या एक तारखेपासून अंकुरवाटेचं काम पूर्णपणे स्वयंसेवी असेल.”

टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेत पाहुणे होते, ते जोरात वाजवत होते. मी शाल सावरत हात जोडून उभी होते. खरं सांगते, पूर्णपणे स्वयंसेवी म्हणजे काय ते मला तिथं उभं असताना कळलं नाही. खाली बसलेल्या बायकांना लगेच कळलं. टाळ्यांसाठी उचललेले त्यांचे हात मांडीवर आले. सत्यवती पाचव्या-सहाव्या रांगेत होती. ती माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. बाजारात एखाद्या वस्तूचा भाव ऐकून माणूस पाहतं तशी.

परतीच्या बसमध्ये मी तिच्यासाठी जागा धरली होती. ती आली, शालीकडे पाहिलं, आणि पुढं जाऊन दांडीला धरून उभी राहिली. मूर्तिजापूरपर्यंत उभीच होती.

पुढच्या आठवड्यात मी गावात गेले तर सत्यवती नव्हती. पोरीनं सांगितलं, माय वावरात गेली, वेचाले. मी बांधाबांधानं तिकडे गेले. ती ओळीत वाकलेली, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. मला पाहून तिनं हात थांबवला नाही.

“घरोघरी जायचं नाही का आज?” मी विचारलं.

“तुमी जा ना. तुमाले येते आता सारं.”

“सत्यवती, मला ठाऊक नव्हतं ग.”

“तुमाले काय ठाऊक राहीन? तुमी तं स्टेजवर होत्या.” एक बोंड तिनं झटक्यानं ओढलं. “काहून केलं काकू असं? तुमचा नवस फेडाले आमचीच भाकर सापडली? नवस तुमचा, पोरगी तुमची, देव तुमचा. मंग फेडाले आमचं काहून घेतलं?”

शेजारच्या ओळीतली बाई मान खाली घालून ऐकत होती.

“मी पाच साल गेली त्या घराईत,” सत्यवती म्हणाली. “अफसानाची सासू पडली तं मी नेली नांदगावले. बाळंतपनं केली. तवा कोनी शाल नाही देल्ली. म्हनले, सत्यवती मानधन घेते. आता तुमी आल्या, नुसत्या बसल्या, पानी बी नाही पेल्या, अन् तुमी मोठ्या. म्हनजे घेनारी लहान अन् न घेनारी मोठी. ज्याच्या घरी हाय तोच न घेऊ शकते ना, काकू?”

मी त्या दिवशी कोणाच्याच घरी गेले नाही. दुसऱ्या दिवशी अकोल्याची गाडी धरली.

खुशालराव सरांनी मला खुर्ची दिली. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, “सुंदराताई, मी कोणालाही काढलेलं नाही. सत्यवतीबाईंनी यावं. मनापासून यावं.”

“ती कशी येईल? तिची दिवसाची मजुरी बुडते.”

“तुम्हालाही घर आहे. तुम्हाला जमतं.”

“माझं घर दुकानावर चालतं, सर. तिचं यावर चालायचं.”

“तीच तर अडचण आहे,” ते खेदानं म्हणाले. “सेवेवर घर चालवायचं नसतं.”

त्यांच्या टेबलावर कूलरचं वारं येत होतं. बाहेर त्यांचा ड्रायव्हर गाडी पुसत होता. त्याला पगार होता, शाकीबला पगार होता, सरांनाही होता. नव्हता तो फक्त घरोघरी जाणाऱ्या बायकांना. मला हे तिथं बोलता आलं नाही. मला चढ्या आवाजात बोलायची सवय नाही आणि हळू बोललेलं तिथं फक्त सरांचंच ऐकू यायचं.

मी म्हटलं, “मग मी सोडते. तिला पुन्हा घ्या.”

ते हसले. तुच्छतेनं नाही, अगदी आपुलकीनं. “ताई, तुमचा फोटो छापून आला आणि अमरावतीतून, अकोल्यातून फोन सुरू झाले. निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतल्या बाई आहेत. सगळ्या विनामानधन. तुम्ही गेलात तर वाईट वाटेल, पण काम थांबणार नाही. ती वाट तुम्हीच घालून दिलीत. आणि आता माघार कशी घेता? पुढच्या सोमवारी आपल्याला निधी देणारे दिल्लीचे पाहुणे येताहेत. त्यांच्यापुढं तुम्हीच बोलायचं आहे. मानधनाशिवाय काम करता येतं, एवढंच सांगा.”

बाहेर शाकीब पायरीवर बसला होता. मला पाहून उठला. “काकू, म्या सांगितलं होतं थोडं घ्या म्हून.”

“नीट सांगायचं होतं ना, बाबू.”

“कैसे बोलता? सर आत बसले होते. माही बी नोकरी हाय.” तो जमिनीकडे पाहत म्हणाला. “ते लय दिवसाचे शोधून राहिले होते असं कोनी. पैसे वाचवाचे होते. पन गावसख्या गरीब, त्याहीचं एकदम बंद कसं कराव? नाव खराब होते. मंग तुमी आल्या.”

मंग तुमी आल्या. मी सगळ्या वाटभर ते ऐकत आले. आधीच्या दोन संस्थांनी मला नको म्हटलं होतं, आणि जिनं हवं म्हटलं तिला मी कशासाठी हवी होते ते हे.

मी घरी न जाता सरळ बडनेऱ्याहून पुढची बस धरून गावात गेले. सत्यवती ओसरीवर कापसातला कचरा वेचत होती. पोरी आत अभ्यासाला बसल्या होत्या. मी सरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, सोडते म्हटल्यावर ते काय म्हणाले तेही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हनजे तुमी सोडलं तरी काही होत नाही.”

“नाही.”

“अन् राहिल्या तरी माहंच मरन.”

मग तिनं हातातला कापूस बाजूला ठेवला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

“मंग मांगा,” ती म्हणाली.

“काय?”

“मानधन. सोमवारी, दिल्लीवाल्याहीपुढं. म्हना, मले पैसे पाहिजेत. आजवर केलं त्याचे बी अन् पुढचे बी. मी मांगितलं तं म्हन्तीन भुकेली हाय. त्या बँकेवाल्या बायका तं मांगनारच नाहीत. पन ज्या बाईचा फोटो छापला, जिले पानी चालत नाही, तिनंच मांगितले तं खुशालराव काय तोंड दाखवीन?”

“सत्यवती, तसं केलं तर नवस मोडतो.”

“हाव.”

“वर्षाला थोडेच दिवस उरले आहेत. पोरीच्या जिवावर बोलले आहे मी.”

“माह्या बी पोरीच हायेत,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “थोरली शाळा सोडीन आता. लगन करा लागीन तिचं. ते बी जिवावरच हाय, फक्त तुमचा देव मंधात नाही.”

आतून थोरलीचं पाठांतर ऐकू येत होतं. अडखळत होती, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. शेवटी मी म्हटलं, “मागते.”

“आनभाक नका घेऊ. देवाची आन तं बिलकुल नको. मले शब्द द्या.”

“शब्द दिला.”

तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखी नाही. बस सुटायच्या आधी घरी जा, एवढंच म्हणाली. मी उठले तरी ती वेचत राहिली.

रविवारी संध्याकाळी यांना सांगितलं. हे दुकानातल्या उरलेल्या शेवंतीवर पाणी मारत होते. रागिणी तिथंच हार बांधत बसली होती, म्हणून हे तिच्या डाव्या बाजूला येऊन हळू बोलले.

“त्या बाईसाठी पोरीचा जीव टांगतेस?”

“शब्द दिला आहे.”

“देवीले बी देल्ला होता. तवा मी बाजूलेच बसलो होतो.” त्यांनी फुलांवरचं ओलं फडकं सारखं केलं. “तुह्या मनाचं समाधान कराले त्या बाईची भाकर गेली. आता त्या बाईचं समाधान कराले देवीचं सोड. दर खेपेले तू चांगलीच राह्यतं. पोरीले उद्या काही झालं तं मी कोनाले विचारू?”

यांचं खोटं नव्हतं आणि सत्यवतीचंही नव्हतं. रागिणीनं मान वर करून विचारलं, “काय म्हणता बाबा?” हे म्हणाले, “काही नाही, शेवंती सुकून राहिली.”

सोमवारी पहाटे आंघोळ केली. अध्याय वाचला, एकही ओवी न गाळता. वाचून झाल्यावर मौन सुटतं आणि मी रोज देवीला दोन शब्द बोलते, घरच्यांचं सांगते. आज काय बोलावं ते समजेना. क्षमा कर म्हटलं असतं, पण क्षमा मागून करायचं आणि मग बरं वाटून घ्यायचं, हे पुन्हा तेच झालं असतं. मी देवघराचं दार लोटून घेतलं.

रागिणी झोपली होती. उजव्या कुशीवर, म्हणजे ऐकू येणारा कान उशीत. मी दारात उभी राहून तिची छाती वरखाली होते का ते पाहिलं. दवाखान्यात पाहायचे तशी. होत होती. कपाळाला हात लावून पाहावंसं वाटलं. नाही लावला.

शाल कपाटातून काढून पिशवीत घातली. ती परत द्यायची होती. हे ओसरीवर पाठ करून बसले होते, जाते म्हटलं तर येजो म्हणाले नाहीत. मी चपला घातल्या आणि फाटक आवाज न करता लावलं. राजापेठेत अकोल्याची गाडी लागली होती. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, तेव्हा माझा आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा मी मोठ्यानं सांगितलं.